अनुराधापूर वाटेवर नाही

दादाच्या पत्त्यात गावाचं नाव नसायचं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी "५६ एपीओ". फौजेतला माणूस बर्फात असो, वाळवंटात असो की समुद्रापलीकडे, घरच्यांसाठी पत्ता तोच. मावशीला तो तोंडपाठ होता. छप्पन एपीओ हे दिल्लीच्या पुढचं एखादं मोठं गाव असेल, असं तिला बरेच दिवस वाटायचं. मला तर ती खात्रीच होती. मी तेव्हा अकरा वर्षांची, सहावीत होते, आणि मावशीकडे येणारं प्रत्येक पत्र वाचायचं काम माझं होतं.

दादा म्हणजे सख्खा भाऊ नव्हे. नागपुरात इंदोऱ्याकडे आमची दोन घरं एका भिंतीची. कवेलूंचं छपरही एकच, त्यामुळे पावसाळ्यात एका घरी गळलं की दुसऱ्या घरीही टोपलं मांडावं लागे. त्याचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, ते लवकर गेले. त्याची आई, म्हणजे मावशी, बिड्या वळायची. दादा महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सागरला ट्रेनिंग करून आला, आणि १९८७ च्या भीमजयंतीला सुटीवर आला तेव्हा गल्लीतले सगळे पोट्टे त्याच्या बुटांमागे फिरत होते. तो बावीस वर्षांचा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. मावशीला विचारलं होतं, ती म्हणाली, "नाव माह्या घरात राहू दे."

पत्र वाचायची एक पद्धत होती. मावशी भिंतीला टेकून बसायची, मांडीवर सूप. रात्री भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान घ्यायचं, त्यावर पत्र्याचा चौकोनी तुकडा ठेवायचा आणि कातरीने कडेकडेने कापायचं. मग चिमूटभर तंबाखू, एक वळण, दोऱ्याचे दोन फेरे आणि तोंड दुमडून बंद. हे सगळं ती न बघता करायची. मी समोर बसून वाचायला लागले की ती आधी पानं कापायचं काम काढायची. कातरीचा आवाज एका लयीत चालू असे. मजकूर नेहमीचा असला, जेवण बरं आहे, तब्येत बरी आहे, तर लय तशीच राहायची. काही नवं आलं की कातर थांबायची. मी कागदावरून नजर उचलायची नाही, मला ऐकूनच कळायचं.

"आईस सप्रेम जयभीम. मी इकडे खुशाल आहे." प्रत्येक पत्राची सुरुवात हीच.

ऑगस्टच्या पत्रात कातर बराच वेळ थांबली. आमची पलटण श्रीलंकेला आली आहे, असं त्यात होतं. २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या होत्या आणि दुसऱ्याच दिवसापासून आपली शांतिसेना तिकडे उतरू लागली होती. आमच्या गल्लीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मावशीला मात्र त्या देशाची माहिती होती, आणि ती वर्तमानपत्रातली नव्हती.

"बुद्धाचा देश हाये तो," ती म्हणाली. "पोट्टा पुण्यवान."

विहारात लहानपणापासून ऐकलेलं तिच्या मनात होतं. सम्राट अशोकाचा महेंद्र तिकडे धम्म घेऊन गेला, मागून संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेली, ती अनुराधापूरला रुजली. बाबासाहेब १९५० मध्ये तिकडे बौद्ध परिषदेला जाऊन आले. मावशी स्वतः १४ ऑक्टोबर १९५६ ला बापाच्या खांद्यावर बसून आणि नंतर त्याचा हात धरून दीक्षाभूमीच्या गर्दीत होती, तीही तेव्हा अकरा वर्षांचीच. आणि दीक्षाभूमीवर स्तूपाशेजारी जो बोधिवृक्ष आहे, तो अनुराधापूरहून आणलेल्या फांद्यांचा. भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्या आणल्या आणि इथे लावल्या. म्हणजे मावशीच्या हिशेबाने नागपूर आणि श्रीलंका यांच्यात झाडाचं नातं होतं. लेक परक्या मुलखात गेला असं तिला वाटलंच नाही.

तिने लगेच मला उत्तर लिहायला बसवलं. निळ्या आंतर्देशीयावर मी लिहिलं: तू अनुराधापूरला जाऊन ये. बोधिवृक्षाचं एक पान आण. तोडू नको, खाली पडलेलं आण.

सप्टेंबरमध्ये त्याचं उत्तर आलं. अनुराधापूर आमच्या वाटेवर नाही, पण साहेबांना विचारून पाहतो, असं लिहिलं होतं. गावातल्या लोकांनी गळ्यात हार घातले, बायकांनी चहा दिला. आणि माझ्यासाठी खास दोन ओळी होत्या. मी समुद्र कसा असतो ते विचारलं होतं, कारण आमच्या गल्लीत समुद्र कोणीच पाहिला नव्हता. त्याने लिहिलं होतं: "आपला अंबाझरी तलाव आठव. आता पलीकडचा काठ पुसून टाक. मग जे भ्या वाटते ना, तो समुद्र."

मी ते किती वेळा वाचलं याला गणती नाही. पुढे वयाच्या तिशीत मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा हेच वाक्य आधी आठवलं आणि नंतर समुद्र दिसला.

त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता. आम्ही दीक्षाभूमीला चालत गेलो. मावशीने झाडाखाली पांढरं फूल ठेवलं आणि बराच वेळ उभी राहिली. त्यानंतर आठ-दहा दिवसांत तिकडे युद्ध पेटलं. ज्या तमिळ बंडखोरांना, म्हणजे एलटीटीईच्या वाघांना, शस्त्रं खाली ठेवायला लावण्यासाठी आपली फौज गेली होती त्यांच्याशीच ती लढायला लागली. रेडिओवर "जाफना" हा शब्द रोज येऊ लागला. मी शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात तो शोधला. भारताचं टोक आणि जाफना यांच्यामध्ये माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं निळं पाणी होतं. मावशीने त्यावर बोट ठेवलं. बिडीची पानं कापून तिच्या बोटांच्या टोकांना कायमचा तपकिरी रंग चढला होता, तो डाग त्या निळ्यावर किंचित उमटला.

"बुद्धाचा देश ना," ती म्हणाली, "मंग तिथं लढाई काहून?"

मला उत्तर येत नव्हतं. आजही कोणी विचारलं तर करार, तमिळ, सिंहली, वाघ, दिल्ली, कोलंबो हे सगळं मी सांगू शकते, आणि तरीही मावशीच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. ज्या बोधिवृक्षाचं पान तिला हवं होतं, त्याच्याच गावात १४ मे १९८५ रोजी वाघांनी आधी बसस्थानकावर आणि मग त्या वृक्षाच्या आवारात मिळून शंभरावर लोकांना गोळ्या घातल्या होत्या. हे मी कॉलेजात असताना वाचलं. पुस्तक मिटून घरी आले होते.

ऑक्टोबरअखेरीस जे पत्र आलं ते पाकिटात होतं. आत दोन कागद. एक नेहमीचा, आईस सप्रेम जयभीम. दुसरा चौथाई कागद, चार घड्या घातलेला, वरती माझं नाव. मावशी पाणी आणायला आत गेली होती तेवढ्यात मी तो उघडला.

त्यात पाच वाक्यं होती. शेवटची दोन अशी: "हे आईला वाचून दाखवू नको. तिला सांग, इकडे नारळ खूप आहेत."

मी चिठ्ठी फ्रॉकच्या खिशात टाकली. मावशी येऊन बसली, कातर सुरू झाली, मी मोठा कागद वाचला. मोठा कागद फारच छोटा निघाला. खुशाल आहे, पैसे मिळाले का, पावसाने छप्पर गळलं का, एवढंच. कातर थांबली. "बस, येवढंच?" तिने विचारलं. मग मी वाचायला लागले, जे कागदावर नव्हतं ते. तिकडे नारळ खूप आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नारळच नारळ. पाणी प्यायला मिळत नाही तेव्हा आम्ही नारळाचंच पाणी पितो. भाजीतही नारळ, चटणीतही नारळ, तुझ्या जवसाच्या चटणीची आठवण येते. एकेक वाक्य मी तयार करत गेले आणि डोळे कागदावर रेघेरेघेने फिरवत गेले. कातर पुन्हा लयीत आली. मावशी हसली.

दुसऱ्या दिवशी नळावर ती सगळ्यांना नारळांचं सांगत होती.

नोव्हेंबरात तिने उत्तर सांगितलं. मी लिहिलं: पान नाही मिळालं तरी चालते. तू ये. जवसाची चटणी करून ठेवते. खाली जागा उरली होती तिथे मी माझ्या मनाने घातलं, "नारळ पाठवू नको, इथे मिळतात."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तार आली. इंग्रजीत होती, आणि मी शाळेत होते. बाबांनी वाचली. मावशीकडे आलेला तो एकच कागद मी वाचला नाही. घरी आले तेव्हा गल्लीत चपलांचा ढीग होता आणि सूप उलटं पडलेलं होतं. तंबाखू अंगणभर झाली होती. कोणीतरी ती झाडून गोळा करत होतं, कारण ती ठेकेदाराची होती आणि तिचा हिशेब द्यावा लागणार होता.

अंत्यसंस्कार तिकडेच झाले. तेव्हा तशीच रीत होती. तिरंग्यातल्या पेट्या गावोगावी यायला लागल्या त्या १९९९ मध्ये, कारगिलपासून. आमच्याकडे अस्थी आल्या, त्या कामठीजवळ कन्हान नदीत सोडल्या. पुण्यानुमोदनाला विहारात माणसं मावली नाहीत. एक जण बोलला, दुसरा बोलला, मग कोणीतरी मावशीला दोन शब्द बोला म्हणालं. ती उठली. तिला भाषण ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "लेकराचं शेवटचं पत्र आलं होतं. खुशाल होता. म्हणे, तिकडे नारळ लई हायेत."

मी भिंतीकडे तोंड करून बसले होते.

ट्रंक आली ती संक्रांतीच्या आसपास. आकाश पतंगांनी भरलेलं, प्रत्येक गच्चीवरून "ओ काट!" चालू होतं. फौजेची काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. नावातला एक काना थोडा खाली ओघळला होता, रंग ओला असताना कोणाचा तरी हात लागला असावा. आत गणवेश, एक स्वेटर, दाढीचं सामान, बाबासाहेबांचा खिशात मावेल एवढा फोटो, आणि सुतळीने बांधलेली आमची पत्रं. माझ्या अक्षरातली. नोव्हेंबरचं तेवढं त्यात नव्हतं. ते काही दिवसांनी पोस्टमनने आणून दिलं, न उघडलेलं, निळ्या कागदावर इंग्रजी शिक्का. मावशीने ते हातात घेतलं आणि विचारलं, "कोणाचं?" मी म्हटलं, "आपलंच."

त्यानंतरची कागदपत्रांची धावपळ लांबलचक आहे, ती सगळी सांगत नाही. एकच प्रसंग सांगते. एका कार्यालयात मी मावशीबरोबर गेले होते, तोवर मी नववीत होते. टेबलामागच्या माणसाने अर्ज वाचला आणि विचारलं, "कौनसी लड़ाई? उस साल तो कोई लड़ाई नहीं हुई." तो दुष्ट नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पासष्टची लढाई सगळ्यांना ठाऊक, एकाहत्तरची ठाऊक. ही लढाई शांतिसेनेच्या नावाखाली झाली, आणि शांतीत माणूस मरतो कसा, हे कोणाला समजावणार?

मला याचं दुःख आजही तेवढंच आहे. सुमारे १,२०० भारतीय सैनिक त्या अडीच वर्षांत तिकडे गेले. मेजर रामस्वामी परमेश्वरन महार रेजिमेंटच्याच आठव्या बटालियनचे, मुंबईत जन्मलेले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या त्या चकमकीत छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून लढले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. श्रीलंकेतल्या त्या मोहिमेतलं ते एकमेव परमवीर चक्र. आमच्या शाळेच्या भिंतीवर वीरांची चित्रं होती, त्यांत ते नव्हते. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली तेव्हा मद्रासच्या बंदरावर उतरणाऱ्या जवानांना घ्यायला तमिळनाडूचे मुख्यमंत्री गेले नाहीत. त्यांचा राग मला कळतो. तिथे मरणारे तमिळही माणसंच होती. २१ ऑक्टोबर १९८७ ला, दिवाळीच्या तोंडावर, जाफनाच्या रुग्णालयात डॉक्टर, नर्स आणि रुग्ण आपल्या सैन्याच्या गोळीबारात मारले गेले. हे वाचून मी अनेक रात्री जागी होते. दादाची चिठ्ठी त्याच आठवड्यातली. तो कुठे होता त्या दिवशी, हा प्रश्न माझ्या मनात येतो, आणि मी तो येऊ देते. ज्याच्यावर माया आहे त्याच्याबद्दल असा प्रश्न पडणं ही बेइमानी नाही, असं माझं मत आहे. मावशीला मी हे सांगितलेलं नाही.

कोलंबोजवळ श्री जयवर्धनेपुर कोट्टे इथे श्रीलंकेच्या सरकारने भारतीय सैनिकांचं स्मारक उभारलंय, तिथे नावं कोरली आहेत. दिल्लीत २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, तिथेही त्या मोहिमेत गेलेल्यांची नावं आहेत. मी मावशीला म्हटलं, दिल्लीला जाऊ, मी नेते. ती म्हणाली, "दगडावर हाये ना? राहू दे. पुसत नाई."

तिची जागा दुसरी आहे. दरवर्षी डिसेंबरात तो दिवस आला की ती दीक्षाभूमीला जाते. दसऱ्याला लाखोंची गर्दी असते, तेव्हा नाही. डिसेंबरात सकाळी तिथे थंडी असते, पोरंपोरी अभ्यासाची पुस्तकं घेऊन उन्हात बसलेली असतात, कोणाचं लक्ष नसतं. ती बोधिवृक्षाखाली पडलेल्या पानांतून एक निवडते. निवडायला तिला वेळ लागतो. आयुष्यभर तेंदूची पानं पारखलेला हात आहे, भोक पडलेलं, डाग असलेलं, शिरेवर चिरलेलं ती बाजूला टाकते. मग एक पान पदरात. घरी आणून ट्रंकेत ठेवते. लेकाने अनुराधापूरहून आणायचं होतं ते पान, त्याच झाडाच्या लेकराचं. जुनी पानं आता जाळी झाली आहेत, हिरवेपणा सगळा गळून फक्त शिरा राहिल्यात, हातात धरली की पलीकडचं दिसतं.

यंदा ट्रंकेच्या तळाला वाळवी लागली म्हणून मावशीने मला बोलावलं. तिने आता ऐंशी ओलांडली आहे. बिड्या सुटून कितीतरी वर्षं झाली, बोटांचा रंग गेला नाही. आम्ही अंगणात चादर पसरली आणि सगळं उन्हात काढलं. स्वेटर, फोटो, पानं, पत्रं. पत्रांसाठी मी प्लॅस्टिकच्या पिशव्या नेल्या होत्या. एकेक पत्र घालताना ती मोजत होती. दादाची नऊ निघाली.

माझ्या पर्समध्ये दहावं होतं. लग्नानंतर मी तीन घरं बदलली, प्रत्येक घरात ते माझ्याबरोबर आलं, कधी गणिताच्या वहीत, कधी साड्यांखालच्या कागदाखाली. त्या सकाळी निघताना ते पर्समध्ये का टाकलं, ते तेव्हा मला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मी ते चादरीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, फ्रॉकचा खिसा, नारळ. नारळ माझे होते हे सांगितलं.

ती गप्प राहिली. मग तिने ऊन लागत होतं म्हणून ट्रंकेचं झाकण थोडं सरकवलं आणि भिंतीला टेकून बसली, तशीच जशी बसायची.

"वाच," ती म्हणाली. "सगळं वाच."

मी चष्मा लावला. घड्यांवर अक्षरं उडाली होती, पण मला कागदाची गरज नव्हती. तरी कागदावरूनच वाचलं, तिला खोटं वाटू नये म्हणून. "ताई, आज माझा जोडीदार गेला. रस्त्यात सुरुंग होता. तो पुढच्या गाडीत होता, मी मागच्या. हे आईला वाचून दाखवू नको. तिला सांग, इकडे नारळ खूप आहेत."

मी लहान होते तरी तो मला ताई म्हणायचा.

मावशीचे हात मांडीवर होते, रिकामे. बऱ्याच वेळाने ती बोलली.

"तो जोडीदार कुठचा होता?"

"लिहिलं नाही, मावशी."

"त्याची माय होती का?"

"ते नाही लिहिलं."

"मांगं पाह्य ना व. कागदाच्या मांगं."

मागची बाजू कोरी होती. अडतीस वर्षांत मी ती किती तरी वेळा पाहिली होती. तरी मी कागद उलटा केला आणि तिच्या हातात दिला.